परसात येणारा कोल्हा: एका प्रश्नाचे सविस्तर उत्तर

मेलबर्नच्या पश्चिमेकडील एका नव्या वसाहतीत राहणाऱ्या भगिनींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. परसातल्या सहा कोंबड्यांपैकी पाच एका रात्रीत मेल्या, परंतु नेली फक्त एकच. बाकीच्या चार तशाच पडून होत्या. त्यांच्या नऊ वर्षांच्या मुलाने तो कोल्हा खिडकीतून पाहिला आहे. तो त्याला अतिशय देखणा वाटला आणि सरकार अशा प्राण्याला विष घालून मारते हे कळल्यापासून मुलगा नाराज आहे. कोल्हा खरोखर इतका घातक आहे का, त्याला रोज थोडे खायला ठेवले तर तो कोंबड्यांच्या वाटेला जायचे सोडेल का, आणि उद्या तो मुलाला चावला तर काय करायचे, असे तीन प्रश्न त्यांनी केले आहेत. गेली बावीस वर्षे मी व्हिक्टोरिया राज्यात कोल्ह्यांच्या नियंत्रणाचे आणि त्यांच्यामुळे धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या गणनेचे काम करतो. त्यामुळे उत्तर थोडे लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

प्रथम नावाचा घोळ मिटवू. आपल्या गोष्टींतला कोल्हा, ज्याची कोल्हेकुई गावाबाहेरच्या उसातून ऐकू येते, तो इंग्रजीतला जॅकल. इंग्रजीत ज्याला फॉक्स म्हणतात त्याचा आपल्याकडचा भाऊबंद म्हणजे खोकड. सोलापूर, बारामती, सासवड या पट्ट्यातल्या माळरानांवर ते अजूनही दिसते. वजन जेमतेम दोन-तीन किलो, रंग मातकट आणि शेपटीचे टोक काळे. ऑस्ट्रेलियात आहे तो युरोपातून आणलेला तांबडा फॉक्स. तो खोकडाच्या दुप्पट भरतो आणि त्याच्या शेपटीचे टोक बहुधा पांढरे असते. भारतात या जातीचे प्राणी पाहायचे तर हिमालयात, लडाखमध्ये किंवा राजस्थान-कच्छच्या वाळवंटात जावे लागते. नेमकेपणाने बोलायचे तर त्याला तांबडे खोकड म्हणायला हवे. पण इथली सगळी मराठी मंडळी त्याला कोल्हाच म्हणतात, म्हणून मीही या उत्तरात तोच शब्द ठेवतो.

आता कोंबड्यांकडे येऊ, कारण तुमच्या मनाला लागलेली गोष्ट तीच आहे. खायची एक आणि मारायच्या पाच, यात क्रौर्य दिसते. लोक म्हणतात की कोल्हा मजेसाठी मारतो. माझे मत तसे नाही. उघड्यावर कोल्ह्याने एक पक्षी पकडला की बाकीचे क्षणात उडून जातात, त्यामुळे एकाच वेळी पाच पक्षी पंज्याखाली सापडण्याचा प्रसंग त्याच्यावर सहसा येत नाही. खुराड्यात मात्र कोंबड्यांना पळायला जागा नसते. त्या फडफडत राहतात, आणि फडफड हीच कोल्ह्याच्या शिकारीची कळ असल्यामुळे हालचाल थांबेपर्यंत तो मारत राहतो. दुसरी गोष्ट अशी की हा साठवण करणारा प्राणी आहे. जास्तीचे भक्ष्य तो एकेक करून नेतो, पुढच्या पायांनी छोटा खड्डा काढतो, त्यात ते ठेवतो आणि नाकाने माती लोटून खड्डा बुजवतो. तुमच्या चार कोंबड्या त्याने टाकून दिलेल्या नव्हत्या, त्या न्यायच्या राहिल्या होत्या. उजाडले म्हणून तो थांबला असेल, आणि दुसऱ्या रात्री तो नक्की येऊन गेला असणार. आजूबाजूच्या कुंड्यांतली किंवा वाफ्यातली माती कुठे उकरलेली दिसली तर जपून पाहा.

हा प्राणी समजून घ्यायचा तर त्याचे वर्ष समजून घ्यावे लागते. नर साधारण सहा किलोंचा आणि मादी पाचाच्या आसपास, म्हणजे अंगावरची झुपकेदार लव काढली तर एखाद्या थोराड मांजराएवढाच ऐवज. कोल्हीण वर्षातून एकदाच माजावर येते आणि तेही दोन-तीन दिवसच. इथे तो काळ जून-जुलैचा, ऐन हिवाळ्याचा. त्या दिवसांत मध्यरात्री कोणी बाई किंचाळते आहे असे वाटून लोक पोलिसांना फोन करतात. ते ओरडणे बहुतेक वेळा कोल्हिणीचे असते. एक्कावन्न ते त्रेपन्न दिवसांनी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, सरासरी चार-पाच पिल्ले होतात. ती चार आठवड्यांची झाली की बिळाच्या तोंडाशी येऊन खेळू लागतात. एका टापूत बहुधा एक नर आणि एक वीण घालणारी मादी असते. कधी आदल्या वर्षीच्या मुलीही आईजवळ राहून धाकट्या भावंडांना खाऊ घालतात. उन्हाळा संपता संपता पिल्ले घर सोडतात. गळ्यात पट्टा बांधून माग काढलेले काही तरुण नर शंभर किलोमीटरहून अधिक दूर गेलेले आढळले आहेत. दहा महिन्यांत ती वयात येतात. रानात पाच वर्षे पाहणारा कोल्हा म्हातारा म्हणावा लागेल. बहुतेक त्याआधीच मरतात. जिथे मरण एवढे सवयीचे आहे तिथे थोडेसे मारून संख्या घटत नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचे काम पडणार आहे.

त्याचे कान हे त्याचे खरे हत्यार. गवताखाली धावणाऱ्या उंदराची अगदी खालच्या पट्टीतली कुजबुज तो टिपतो, मान तिरकी करतो आणि उंच उडी घेऊन वरून दोन्ही पंज्यांवर उतरतो. चेक प्रजासत्ताकातील संशोधकांनी २०११ साली अशा उड्यांची नोंद करून असे दाखवले की उंच गवतात किंवा बर्फात ईशान्येकडे तोंड करून घेतलेल्या झेपा अधिक यशस्वी ठरतात, आणि कदाचित पृथ्वीच्या चुंबकत्वाचा त्याला अंतर मोजायला उपयोग होत असावा. रानातल्या रात्रींत मला इतके बारकावे दिसलेले नाहीत, पण कल्पना मोठी मोहक आहे हे मान्य करायला हवे.

त्याची आणखी एक ताकद म्हणजे काहीही खाण्याची तयारी. मी आजवर शेकडो मेलेल्या कोल्ह्यांची पोटे उघडून पाहिली आहेत. सशाची लव, उंदरांचे दात, भुंग्यांच्या पंखांची चमकदार टरफले, ब्लॅकबेरीच्या बिया, कोकराची लोकर, प्लास्टिकची वेष्टने असे सगळे एकाच पोटात सापडते. एका उपनगरी कोल्ह्याच्या पोटात मोहरी आणि कढीपत्ता दिसणारा भात निघाला, तेव्हा मी सहकाऱ्यांना त्याचा अर्थ समजावून सांगितला आणि दिवसभर माझी थट्टा झाली. मेलबर्नमध्ये काही ठिकाणी एका चौरस किलोमीटरमध्ये सोळापर्यंत कोल्हे मोजले गेले आहेत. शेतीच्या भागात ही घनता त्याच्या पासंगालाही पुरत नाही. शहर त्याला आवडते, कारण शहर त्याला जेवू घालते.

तो इथे आला कसा, याचा तुमच्या घराशी अगदी जवळचा संबंध आहे. इंग्रज जमीनदारांना घोड्यावर बसून कुत्र्यांच्या झुंडीसह कोल्ह्याची शिकार करण्याचा शौक होता आणि या खंडात कोल्हा नव्हता. म्हणून तो जहाजातून आणला गेला. १८७० च्या दशकात मेलबर्नच्या पश्चिमेला वेरिबीच्या आसपास आणि बॅलरॅटच्या परिसरात त्यांनी मूळ धरले. आज त्याच वेरिबीच्या शेजारी टार्नीट आणि पॉइंट कुकमध्ये आपली हजारो मंडळी राहतात. थोडक्यात, तुमच्या परसातला कोल्हा नवखा नाही. त्या भागात त्याच्या दीडशे वर्षांच्या पिढ्या झाल्या आहेत. त्याला रस्ता करून दिला सशाने. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने बारवन पार्क इथे शिकारीसाठी ससे सोडले होते, ते वणव्यासारखे पसरले आणि त्यांच्या मागोमाग कोल्हा गेला. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत तो पश्चिम ऑस्ट्रेलियात पोहोचला होता. उत्तरेकडचा उष्ण पट्टा आणि टास्मानिया सोडले तर आज तो सगळीकडे आहे. एका अलीकडच्या अंदाजानुसार त्यांची संख्या १७ लाखांच्या घरात आहे.

ससा हा केवळ रस्ता नव्हता, तो भत्ताही होता. एरवी भक्ष्य संपत आले की शिकारीही कमी होतात आणि उरलेल्या भक्ष्याला श्वास घ्यायला फुरसत मिळते. इथे तसे घडले नाही. ससे अमाप, म्हणून कोल्हे अमाप. आणि मग जाता जाता दिसलेला शेवटचा बँडिकूटही (लांब नाकाचा, पोटाला पिशवी असलेला इथला छोटा प्राणी) सुटला नाही. सशांवर जगणाऱ्या कोल्ह्याला बँडिकूट संपला तरी उपासमार होत नाही, त्यामुळे तो बँडिकूटच्या शेवटच्या जोडीपर्यंत दाब कायम ठेवू शकतो.

आता तुमच्या मुलाच्या प्रश्नाचा गाभा. कोल्हा वाईट आहे का? आपल्या माळावर खोकडही असेच सगळे करते. ते उंदीर खाते, टोळ खाते, बोरे खाते, जमिनीवर घरटे करणाऱ्या पक्ष्यांची अंडी पळवते. तरीही खोकडामुळे माळावरचा एखादा प्राणी नाहीसा झाला असे कोणी म्हणत नाही, कारण तिथल्या सशाच्या, तित्तिराच्या आणि उंदराच्या लाखो वर्षांच्या पिढ्या त्याच्या वासाने सावध होत आल्या आहेत. ऑस्ट्रेलियातल्या लहान प्राण्यांना हे शिक्षण मिळालेलेच नव्हते. त्यांचे वैरी वेगळे होते: वरून येणारा गरुड, अजगर, घोरपडी, क्वोल (मांजराएवढा, ठिपक्यांचा पिशवीवाला शिकारी) आणि काही हजार वर्षांपासूनचा डिंगो हा रानकुत्रा. गवताच्या झुपक्यात निश्चल बसून राहणे हा त्यांच्यापैकी अनेकांचा बचाव. डोळ्यांनी शिकार करणाऱ्या पक्ष्यापुढे तो चालतो. नाकाने आणि कानाने शोधणाऱ्या कोल्ह्यापुढे तो आत्मघात ठरतो.

परिणाम काय झाला ते सांगतो. १७८८ मध्ये युरोपीय वसाहत झाल्यापासून या देशातून तिसाहून अधिक जातींचे सस्तन प्राणी कायमचे नष्ट झाले. जगात दुसऱ्या कोणत्याही देशाची या बाबतीतली नोंद इतकी वाईट नाही. १९८९ मध्ये अँड्र्यू बर्बिज आणि नॉर्मन मॅकेन्झी या दोन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की नष्ट झालेले आणि घटलेले प्राणी प्रामुख्याने ३५ ग्रॅम ते साडेपाच किलो या वजनाचे आहेत. त्याहून लहान प्राणी तुलनेने वाचले आणि मोठे कांगारू तर वाढले. मधला वजनगट हा कोल्ह्याच्या आणि मांजराच्या तोंडात मावणारा गट आहे. जमीन साफ करणे, मेंढ्यांची चराई, बदललेले वणवे ही कारणेही होतीच. सगळे पाप कोल्ह्याच्या माथी मारणे सोयीचे असले तरी खरे नव्हे. पण टास्मानियाकडे पाहा. तिथेही जंगल तोडले, मेंढ्या आणल्या, मांजरे सोडली. कोल्हा मात्र तिथे स्थिरावला नाही. पूर्वेकडचा क्वोल, टास्मानियन बेटाँग आणि तांबड्या पोटाचा पॅडिमेलन (हे दोघे कांगारूचे छोटे भाऊबंद) हे तिन्ही प्राणी तिथे आजही रानात आहेत आणि मुख्य भूमीवरून नाहीसे झाले. मुख्य भूमीवरचा या जातीचा शेवटचा रानटी क्वोल १९६३ मध्ये सिडनीच्या एका उपनगरात सापडला होता.

याहून पक्का पुरावा पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या गव्हाच्या पट्ट्यातून आला. तिथे शेतांच्या समुद्रात बेटांसारख्या उभ्या असलेल्या खडकाळ टेकड्यांवर काळ्या कुशीचे रॉक-वॉलबी (खडकांत राहणारे छोटे कांगारू) कसेबसे तग धरून होते. १९८० च्या दशकात जॉन किनीअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही टेकड्यांभोवती कोल्ह्यांसाठी विषारी आमिषे टाकली आणि काही टेकड्या मुद्दाम तशाच ठेवल्या. चार वर्षांत आमिषे टाकलेल्या टेकड्यांवर वॉलबींची संख्या दुपटीहून अधिक झाली आणि बाकीच्या ठिकाणी ती घटली किंवा फारशी हलली नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. आधी हे वॉलबी कपारींच्या तोंडाशीच चरत असत. कोल्हा गेल्यावर ते खाली उतरून दूरवरच्या गवतात जाऊ लागले. म्हणजे कोल्हा जितके मारत होता त्याच्या कितीतरी पट जणांना तो भीतीने उपाशी ठेवत होता.

मरे नावाच्या नदीच्या काठी कासवांची घरटी पाहिलीत तर हा प्रकार उघड्या डोळ्यांनी दिसेल. पावसाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे चालत जातो. ओल्या वाळूत ताटलीएवढे खड्डे उकरलेले असतात आणि प्रत्येकाच्या कडेला अंड्यांची पांढरी टरफले आत वळून पडलेली असतात, शेवयांसारखी. रात्री अंडी घातली, पहाटेपर्यंत संपली. या नदीकाठच्या अभ्यासांत नव्वद टक्क्यांहून अधिक घरटी कोल्ह्यांनी फस्त केल्याचे आढळले आहे. कासव दीर्घायुषी, त्यामुळे नदीत मोठी कासवे दिसत राहतात आणि लोकांना वाटते की सगळे आलबेल आहे. दिसत नाहीत ती लहान कासवे. एकूण देशाचा हिशेब मांडला तर कोल्हे आणि मांजरे मिळून दरवर्षी सुमारे २६० कोटी सस्तन प्राणी, पक्षी आणि सरपटणारे प्राणी मारतात असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. यात ससे-उंदरांसारखे परदेशी प्राणीही आले, हे सांगायला हवे.

यावर इलाज म्हणून जे विष वापरले जाते त्याबद्दल तुमच्या मुलाची तक्रार रास्त आहे, आणि मी ती उडवून लावणार नाही. त्याला टेन-एटी म्हणतात. रासायनिक नाव सोडियम फ्लुरोॲसिटेट. ते पेशीला अन्नापासून ऊर्जा मिळवू देत नाही. त्यावर उतारा नाही आणि मरण झटकन येत नाही. तरी तेच का वापरतात, याचे उत्तर झाडांत आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गॅस्ट्रोलोबियम या झुडपांमध्ये हेच विष निसर्गतः असते. तिथले मूळ प्राणी हजारो पिढ्या ती पाने, किंवा ती पाने खाणारे जीव, खात आल्यामुळे त्यांना ते बऱ्याच अंशी पचते. कोल्ह्याला आणि कुत्र्याला अगदी थोडे पुरते. कोल्ह्याच्या एका आमिषात केवळ तीन मिलिग्रॅम असते. म्हणून १९९६ पासून त्या राज्यात लाखो हेक्टर वनांवर विमानातून आमिषे टाकली जातात. आमच्या व्हिक्टोरियात मूळ प्राण्यांची सहनशक्ती तितकी नाही, म्हणून आम्ही आमिष दहा सेंटिमीटरच्या आसपास खोल पुरतो. कोल्हा ते वासाने काढतो, इतर बहुतेक प्राणी काढत नाहीत. २०१६ पासून पीएपीपी या संक्षिप्त नावाचे दुसरे विष मिळू लागले आहे. ते रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती काढून घेते, त्याने कोल्हा लवकर बेशुद्ध होतो आणि त्यावर पशुवैद्यकाकडे उतारा असतो. जिथे शेतकऱ्यांची कुत्री जवळ असतात तिथे मी आता शक्यतो तेच सुचवतो.

त्यामागे एक आठवण आहे. कामाच्या तिसऱ्या वर्षी मी एका मेंढपाळाच्या कुंपणालगत आमिषे पुरली होती. अंतरे नियमाप्रमाणे ठेवली होती, फलक लावले होते, शेजाऱ्यांना कळवले होते. पाचव्या दिवशी तपासायला गेलो तेव्हा एका ठिकाणची वाळू उकरलेली, आमिष गायब, आणि आसपास मेलेला कोल्हा नाही. मी वहीत ‘घेतले’ असे लिहून पुढे गेलो. कोल्ह्याने ते खाल्ले नव्हते, साठवले होते, दोनशे मीटरवर, मेंढपाळाच्या अंगणालगतच्या वाफ्यात. त्याच्या कामाच्या कुत्रीने ते शोधून काढले. तो माणूस मला काहीच बोलला नाही, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होते. तेव्हापासून दररोज न तपासता येणाऱ्या जागी मी आमिष पुरत नाही, आणि गायब झालेल्या आमिषाला ‘घेतले’ असे लिहीत नाही, ‘हलवले’ असे लिहितो.

कोल्हा काढला म्हणजे सगळे साधले, असेही नाही. वॉयली नावाचा एक छोटा बेटाँग कोल्ह्यांच्या नियंत्रणामुळे इतका सावरला की १९९६ मध्ये त्याचे नाव संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीतून काढून टाकले. त्यानंतर दहाएक वर्षांतच त्याची संख्या सुमारे नव्वद टक्क्यांनी कोसळली. कारणांवर अजून वाद आहे, परंतु कोल्ह्याचा धाक गेल्यावर रानमांजरे मोकाट झाली हे त्यातले एक मोठे कारण मानले जाते. व्हिक्टोरियातल्या ऑटवेच्या जंगलांतही कोल्हे कमी केलेल्या भागात मांजरे दाट झालेली दिसली आहेत. एक चोर हाकलला आणि दुसऱ्याला दार उघडे मिळाले. म्हणून आता कोणी मला ‘किती कोल्हे मारले?’ असे विचारले तर मी उलट विचारतो की तुमच्या रानात या वर्षी बँडिकूट किती दिसले. कामाचे माप ते आहे.

मारलेल्या प्रत्येक कोल्ह्यामागे पैसे देण्याच्या योजनेबद्दल माझे मत याच कारणाने फारसे चांगले नाही. व्हिक्टोरियाने २००२-०३ मध्ये अशी योजना करून पाहिली. दीड लाखाहून अधिक कोल्हे मारले गेले, आणि तरीही राज्याच्या जेमतेम चार टक्के भागात संख्येवर परिणाम झाला असेल असा निष्कर्ष निघाला. कोल्ह्यांची वाढ रोखायची तर एका भागातले सुमारे पासष्ट टक्के दरवर्षी कमी करावे लागतात. शिकारी सोपे कोल्हे रस्त्याकडेला मारतो, रिकाम्या टापूत आठवड्यांत शेजारचा तरुण नर येऊन बसतो आणि कोल्हीण पुन्हा विते. याउलट जिथे सीमा आहे आणि चिकाटी आहे तिथे काम होते. फिलिप आयलंडवर सुमारे दहा वर्षे सलग माग काढून २०१७ मध्ये ते बेट कोल्हामुक्त जाहीर झाले. त्याच वर्षी तिथे पट्टेदार बँडिकूट सोडले, आणि २०२१ मध्ये त्या प्राण्याचा दर्जा ‘रानातून नामशेष’ यावरून ‘संकटग्रस्त’ असा सुधारला. वॉर्नांबूलजवळच्या मिडल आयलंडवर तर २००६ पासून छोट्या पेंग्विनांच्या राखणीला मरेमा जातीचे मेंढपाळी कुत्रे ठेवले. ओहोटीला कोल्हे चालत बेटावर जात आणि शेकड्यांनी असलेले पेंग्विन दहाच्या खाली आले होते. कुत्र्यांनी एकही कोल्हा न मारता ते सावरले. २०१७ मध्ये खराब समुद्रामुळे कुत्रे बेटावर नसताना मात्र कोल्ह्यांनी शंभराहून अधिक पेंग्विन मारले.

आता तुमच्या परसाचे सांगतो. खायला ठेवण्याचा विचार कृपा करून सोडा. पोट भरलेला कोल्हाही फडफडणारी कोंबडी मारतो, ते वर आलेच आहे. शिवाय खाणे ठेवल्याने तुमच्या गल्लीत अधिक पिल्ले जगतील आणि जवळच्या नदीकाठी जातील. कोल्हा पाळणे किंवा पकडून दुसरीकडे नेऊन सोडणे व्हिक्टोरियात बेकायदेशीर आहे. घरांच्या वसाहतीत स्वतः विष टाकणे तर कल्पनेतही नको. त्रास फार झाला तर कौन्सिलला विचारा किंवा परवानाधारक माणसाला बोलवा. तुमचा खरा उपाय खुराडे हाच आहे. षट्कोनी बारीक तारेची जाळी कोंबडीला आत ठेवते, कोल्ह्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातांनी तोडतो. जाड तारेची वेल्ड केलेली जाळी लावा, वरूनही झाका, आणि खाली ती जाळी बाहेरच्या बाजूला हात-दीड हात आडवी पसरून मातीने झाका. कोल्हा भिंतीशी उकरायला लागतो, जाळी लागते आणि मागे सरून उकरण्याचे त्याला सहसा सुचत नाही. दार मावळतीला बंद झालेच पाहिजे. ज्यांच्या कोंबड्या गेल्या त्यांच्यापैकी निम्म्यांनी मला ‘एकच दिवस विसरलो’ असे सांगितले आहे. झाडाखाली पडलेले अंजीर आणि आलुबुखार, कुत्र्याची उघडी वाटी, कंपोस्टमधला भात हे सगळे आवरा. लाकडी ओट्याखाली पोकळी असेल तर ती फेब्रुवारी ते जूनमध्ये, आत कोणी नाही याची खात्री करून, बुजवा. ऑगस्टनंतर आत पिल्ले असण्याचा संभव असतो.

चावण्याची भीती भारतातून आलेल्या प्रत्येक आईला वाटते, कारण आपल्या मनात आधी रेबीज येतो. ऑस्ट्रेलियात कोल्ह्यांमध्ये किंवा कुत्र्यांमध्ये रेबीज नाही, आणि कोल्ह्याने माणसावर हल्ला करणे इथे फारच दुर्मीळ आहे. तो मुलाला पाहून पळेल. कोंडलेला किंवा जखमी असेल तर चावू शकतो, म्हणून जवळ जाऊ नये. ससा किंवा गिनीपिग पाळला असेल तर तो रात्री घरात हवा. कोल्ह्यापासून कुत्र्याला खरूज होऊ शकते, तेवढ्यासाठी कुत्र्याच्या अंगावर लक्ष ठेवा.

मुलाचे सांगायचे तर त्याला कोल्हा देखणा वाटतो हे बरोबरच आहे, तो आहेच देखणा. त्याचे मत बदलायच्या भरीस पडू नका. कुंपणाच्या फटीपाशी मीटरभर जागेत बारीक वाळू पसरा, फळीने सपाट करा आणि सकाळी त्याला वाचायला सांगा. मांजराचा ठसा गोल, नखांशिवाय. कुत्र्याचा रुंद आणि पसरट. कोल्ह्याचा निमुळता, शंकरपाळ्यासारखा. पुढच्या दोन बोटांच्या आणि मागच्या दोन बोटांच्या ठशांमधून आगपेटीची काडी आडवी ठेवली तर ती कशालाही न शिवता बसते. पावले एका रेषेत पडतात, दोरी धरून चालल्यासारखी. तारीख, वेळ आणि पाऊस पडला होता का, एवढे त्याने वहीत लिहावे. खुराड्याचे काम झाल्यावर महिनाभर त्याने ही वही ठेवली, तर ती मला पाठवा.